मदत हवी आहे: पक्षीनिरीक्षणाच्या वर्गाला जाते, पण बारीक आवाज ऐकूच येत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहते, वय ६१. नोकरीची चौतीस वर्षं फायलींत मान घालून गेली. निवृत्तीनंतर एक तरी गोष्ट नव्याने शिकायची असं ठरवलं होतं. नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो ना, ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला सलीम अलींचा, त्या आठवड्यात घराजवळ एक व्याख्यान झालं. ते ऐकलं आणि तिथल्या तिथे संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. मंगळवार आणि गुरुवार, साडेसहा ते आठ, आणि एक आड एक रविवारी पहाटे बाहेर. फेब्रुवारीअखेर संपेल.

वर्ग मला फार आवडतो, हे आधी सांगते. पहिल्या दिवशी मॅडमनी पक्ष्याचे नुसते भाग शिकवले. भुवई कुठे, पंखावरची पट्टी कुठे, शेपटीखालचा रंग का बघायचा. घरी येऊन गॅलरीतल्या बुलबुलाकडे बघितलं तर बुडाचा लाल ठिपका दिसला. एकसष्ट वर्षांत तो मी कधी पाहिला नव्हता. बुलबुल रोज येत होता, मीच बघत नव्हते. त्या दिवसापासून वही केली आहे, चित्रं काढते, येत नसली तरी काढते.

अडचण बाहेर गेल्यावर होते. दोन वर्षांपूर्वी कान तपासले तेव्हा वरच्या पट्टीतलं ऐकू येणं बरंच कमी झाल्याचं कळलं. दोन्ही कानांना मशीन आहे. माणसांचं बोलणं चांगलं ऐकू येतं, त्यामुळे वर्गात कोणाला पत्ताही नाही. मशीन केसांखाली झाकलं जातं आणि मीही ते सांगितलं नाही.

पहिली सहल वेताळ टेकडीवर होती. पंचवीसएक जण, सगळ्यांत मोठी मीच. मॅडम मध्येच थांबल्या, बोट वर केलं, "ऐका, शिंजीर." सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. मला काही ऐकू आलं नाही. पण मीही मान डोलावली. मग पर्णवटवट्या, मग चष्मेवाला, मग निखार. प्रत्येक वेळी मी मान डोलावत गेले. सगळे दुर्बीण लावून बघत असायचे, मी ती लावून पान शोधायची, पानाआडचा पक्षी तोवर गेलेला. शेवटी सगळ्यांची यादी वाचून दाखवतात, तेव्हा मीही त्या नावांपुढे खूण केली.

पाषाण तलाव झाला, सिंहगड दरी झाली. आज माझ्या वहीत ६१ पक्ष्यांपुढे खूण आहे. परवा रात्री एकटी बसून प्रामाणिकपणे मोजलं, तर मी स्वतः नीट पाहिलेले २६ निघाले. बाकीचे पस्तीस मी पाहिले नाहीत आणि ऐकलेही नाहीत. कचेरीत कधी खोटी नोंद केली नाही आणि आता चिमणीएवढ्या पाखरांच्या करते आहे, याचं फार वाईट वाटतं.

शेवटी परीक्षा आहे. वीस छायाचित्रं आणि वीस आवाज. उत्तीर्ण झालं तरच पुढच्या वर्गाला प्रवेश, त्यात माळरानाच्या सहली आहेत, सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्याची आहे. माझं बालपण माळावर गेलं. टिटवी रात्री ओरडली की आई दार लावून घ्यायची, तिला ते अशुभ वाटायचं. त्याच टिटवीचं अंड उघड्या खड्यांत कसं लपतं, हे मला आता जाऊन बघायचं आहे. म्हणून ही परीक्षा जिवाला लागली आहे.

मला विचारायचं आहे ते असं. मॅडमना सांगावं का, की आता अर्ध्यात सांगणं बरं दिसणार नाही? ज्यांना ऐकू कमी येतं असे कोणी इथे पक्षी बघतात का, आणि कसे? आणि दुर्बीण: माझ्याकडे दिरांची ट्रेकला नेलेली १० बाय ५० आहे, जड आहे, चष्मा लावून कडा काळ्या दिसतात. दोष माझ्या हाताचा की दुर्बिणीचा?

प्रतिसाद, नाशिकहून

ताई, सांगा. उद्याच्या उद्या सांगा. मी आमच्याकडच्या गटाबरोबर दहा-बारा वर्षं लोकांना घेऊन फिरतो. पुढे चालणाऱ्याला मागच्याला काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते कळत नाही. मान डोलावलेली दिसली की तो पुढे सरकतो. तुम्ही सांगितलंत तर मॅडम तुम्हाला शेजारी उभं करतील, दिशा सांगतील, "बाभळीच्या शेंड्यावरून दोन वाजताच्या फांदीवर" असं. आमच्यात एका काकांना रंग नीट दिसत नाहीत, त्यांना आम्ही रंग न सांगता आकार आणि चाल सांगतो. गटाला त्याचा त्रास होत नाही, उलट सगळ्यांचं बघणं सुधारतं.

दुसरं म्हणजे पाण्यावर जा. दाट झाडीत पक्षी आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, पाण्यावर तो समोर असतो. आमच्या नांदूर मध्यमेश्वरला या. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं धरण, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, गावातली मुलं गाईड म्हणून येतात. वारकरी, शेकाट्या, चित्रबलाक, शराटी, बदकांचे प्रकार, सगळे तासन्‌तास एका जागी. कान लागत नाहीत, बसायची तयारी लागते. तुम्हाला पुण्यात त्यासाठी कवडी आहे, सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे. नदीची दशा बघवत नाही, फेस आणि कचरा, पण चक्रवाक तिथेच उतरतात.

प्रतिसाद, सांगलीहून

मी तुमच्यासारखाच. निवृत्त शिक्षक, सात वर्षं मशीन. तुमचा प्रश्न वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली, मीही मान डोलावत होतो.

मशीनविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नेहमीच्या सेटिंगवर मशीन माणसाचं बोलणं उचलतं आणि बाकीचं गोंगाट म्हणून दाबतं. पक्ष्याची लांब शीळ तर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटू शकते, आणि ते ती कापून टाकतं. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन सांगा की मला संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम हवा, ज्यात ही दाबादाबी कमी असेल. बऱ्याच मशीनमध्ये तो असतो, कोणी आपण होऊन देत नाही. टेकडीवर वाऱ्याचा खरखराट होतो, त्यासाठी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा.

तुमच्या तपासणीचा आलेख काढून बघा. माझी रेघ २००० हर्ट्‌झपर्यंत ठीक आहे, पुढे घसरते. शिंजीर, धोबी, पर्णवटवट्या यांचे बारीक आवाज बहुतेक ४००० च्या वरचे, ते माझ्यासाठी गेले. पण भारद्वाज, तांबट, पारवा, होला, घुबड हे खालच्या पट्टीतले. ते मला तरुणांइतकेच ऐकू येतात. कोकीळ तर आहेच.

मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन ॲप घ्या, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे. आवाज चालू असताना ते पडद्यावर त्याचा आलेख सरकवत दाखवतं. तांबटाचे ठोके सारख्या अंतरावर ओळीने दिसतात. न ऐकू येणारा आवाज डोळ्यांनी बघायची सवय लागते आणि मुख्य म्हणजे "इथे आत्ता काहीतरी आहे" हे कळतं, मग शोधता येतं. पण त्याने नाव दाखवलं म्हणून यादीत घालू नका. ते चुकतं. पक्षी दिसेपर्यंत ती फक्त सूचना समजा.

प्रतिसाद, ठाण्याहून

दुर्बिणीपुरतं लिहिते. हाताचा दोष नाही. १० पट म्हटलं की हाताचं थरथरणंही १० पट दिसतं आणि दृश्य अरुंद होतं, म्हणून पक्षी सापडत नाही. ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. चष्मेवाल्यांनी डोळ्यापासूनचं अंतर १५ मिलिमीटर किंवा जास्त चालेल अशी बघावी, आणि डोळ्यांकडचे रबरी कप आत वळवून किंवा फिरवून खाली करावेत. काळ्या कडा बहुधा त्यानेच जातील, आहे त्या दुर्बिणीवर आजच करून बघा.

उजव्या डोळ्याची वेगळी कडी असते ती लावली आहे का? उजवी बाजू हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्वच्छ करा, मग डावी झाकून ती कडी फिरवा. एकदाच करायचं.

आणि पक्षी दिसला की नजर काढायची नाही. दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, डोळे दुर्बिणीकडे न्यायचे नाहीत. गच्चीवरून समोरच्या टाकीच्या नळावर रोज वीस वेळा करा. आठवड्यात फरक पडतो.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. वरच्या सगळ्यांचं पटतं, पण आवाजाची परीक्षा माफ करून घेऊ नका. पर्णवटवट्यांच्या जाती आवाजावरूनच जास्त ओळखतात, तो भाग या विद्येतून वजा करता येत नाही. तुम्हाला तो येणार नाही हे मान्य करा, पण जेवढं ऐकू येतं तेवढं पक्कं करा. वीस आवाजांची तुमची स्वतःची यादी बनवा, तुमच्या कानाला पोचणाऱ्यांची. टिटवी, भारद्वाज, तांबट, पावशा, मोर, पिंगळा, खंड्या, कोतवाल, असे एकेक लावून तपासा. पावशाचं "पेरते व्हा" आपल्या आज्यांना घरात बसून ओळखू यायचं.

आणि ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांची चाल शिका. धोबी शेपटी वरखाली करतो. तुतवार कमरेतून सारखा लचकतो. नाचण पंखा उघडून गिरक्या घेते. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन परत तिथेच येतो. कापशी हवेत एका जागी थांबते. हे लांबून, रंग न दिसताही कळतं आणि त्यावर नाव सांगणारे लोक मी कमी पाहिलेत.

फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस घराभोवतालची पक्षीगणना असते. गच्चीवर पंधरा मिनिटं बसून जे खरोखर दिसेल तेवढंच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायचं. तीन पक्षी दिसले तर तीन. तुमच्यासारखीला ते आवडेल.

मूळ प्रश्नकर्तीकडून, बारा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण आधी करून बघायचं होतं.

मॅडमना सांगितलं. गुरुवारी वर्ग सुटल्यावर पायऱ्यांवर गाठलं, केस मागे करून मशीन दाखवलं आणि वहीही दाखवली, पस्तीस खुणांसकट. त्यांनी वही बराच वेळ हातात धरली. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, फॉर्ममध्ये रकाना घालते." परीक्षेचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही. कोल्हापूरकरांची यादीची कल्पना मी सांगितली, ती त्यांना आवडलेली दिसली, पण शब्द दिला नाही. मीही मागितला नाही.

रविवारी कवडीला गेलो. मॅडमनी एका कॉलेजच्या मुलीला माझ्याबरोबर दिलं. ती ऐकते आणि हात लांब करून दिशा दाखवते, मी बघते. दोनदा असं झालं की तिने नुसता आवाज ऐकला होता आणि पक्षी आधी मला दिसला. एक तुतवार काठावर चिखलात फिरत होता. गट पुढे गेला, आम्ही दोघी दगडावर बसलो आणि पाऊण तास त्याच्याकडेच बघत राहिलो. तो लचकतो तेव्हा डोकं स्थिर राहतं आणि मागचा भाग हलतो. उडताना पंखात पांढरी रेघ दिसते आणि पंख अर्धेच हलवल्यासारखे थरथरतात, पाण्याच्या अगदी जवळून. हे सगळं वहीत लिहिलं आहे. चक्रवाकांची जोडी सोनेरी नव्हे, भगवी दिसते, उन्हात अगदी भगवी.

ऑडिओलॉजिस्टनी संगीताचा प्रोग्रॅम घालून दिला. शिंजीर अजून ऐकू येत नाही. दयाळाची एक बारीक तान मात्र काल सकाळी आली, मी खात्री करायला खिडकीशी गेले तर तो समोरच्या अँटेनावर होता.

पस्तीस खुणा खोडल्या. खोडरबर वापरला नाही, आडवी रेघ मारून तारीख घातली, म्हणजे पुढे खरंच दिसेल तेव्हा शेजारी नवी तारीख घालता येईल. कवडीचे चार धरून वहीत आता तीस आहेत. येत्या शनिवारी भिगवणला जायचं आहे, कुंभारगावहून होडी आहे, रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) दिसतील असं म्हणतात.

कप खाली केल्यावर काळ्या कडा गेल्या, ठाण्याच्या ताईंचे वेगळे आभार. पण वजन झेपत नाही, मानेला रग लागते. कोथरूड किंवा डेक्कनच्या बाजूला कोणाकडे ८ बाय ४२ असेल तर चष्म्यासकट दहा मिनिटं हातात घेऊन बघायला मिळेल का? विकत घ्यायच्या आधी एकदा डोळ्याला लावून बघायची आहे.