ग्लोनासचा उपग्रह रोज त्याच जागी का दिसत नाही?

प्रश्न – आकाशवेध
फोनवरील उपग्रहदर्शक अ‍ॅपमध्ये जीपीएसचा एखादा उपग्रह रोज चारएक मिनिटे अगोदर, पण आकाशात जवळपास त्याच जागी दिसतो. ग्लोनास या रशियाच्या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या क्रमांक 7 च्या उपग्रहाचे तसे होत नाही. दोन्ही प्रणाली साधारण एकाच उंचीवर आहेत, मग हा फरक कशामुळे? शिवाय क्रमांक 3 आणि 7 यांची वारंवारता एकच दाखवली जाते, ती अ‍ॅपची चूक समजावी काय?

उत्तर – कक्षागणित
उंचीत हजारएक किलोमीटरचा फरक आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. जीपीएसचा उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवरून एका नाक्षत्र दिवसात (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी, सुमारे 23 तास 56 मिनिटे) दोन फेऱ्या पुऱ्या करतो. ग्लोनासची उंची सुमारे 19,100 किलोमीटर असल्याने एक फेरी 11 तास 15 मिनिटे 44 सेकंदांत, म्हणजे 8 नाक्षत्र दिवसांत 17 फेऱ्या होतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आपला उपग्रह 45 अंश पुढे गेलेला असतो आणि एका कक्षाप्रतलात, म्हणजे एकाच वाटेवर, आठ उपग्रह 45 अंशांच्या अंतराने असल्याने त्याच्या जागी मागचा शेजारी येतो. आठ दिवसांनी, सुमारे 32 मिनिटे अगोदर पाहिल्यास क्रमांक 7 पुन्हा तिथेच सापडेल. ही रचना हेतुपुरस्सर आहे: जीपीएसला पृथ्वीच्या असमान गुरुत्वाकर्षणाचा धक्का रोज त्याच ठिकाणी बसून कक्षा हळूहळू सरकते व ती अधूनमधून सुधारावी लागते; ग्लोनासचा तो त्रास बराचसा टळतो.

उत्तर – मोजणीदार
वारंवारतेबाबत अ‍ॅप बरोबर आहे. ग्लोनासच्या जुन्या संदेशांत उपग्रहांची ओळख प्रत्येकाच्या वेगळ्या संकेतावरून (कोडवरून) नव्हे, तर वाहिनीवरून, म्हणजे नेमून दिलेल्या वारंवारतेवरून पटते: 1602 मेगाहर्ट्झ अधिक वाहिनी क्रमांक गुणिले 0.5625. क्रमांक 3 आणि 7 दोघांनाही +5 ही वाहिनी दिलेली असल्याने उत्तर 1604.8125 येते. ते पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना असतात, त्यामुळे जमिनीवरून एकाच वेळी दिसत नाहीत. आम्हा मोजणीवाल्यांना मात्र ही पद्धत जाचक वाटते, कारण प्रत्येक वाहिनीचा संदेश रिसीव्हरमध्ये किंचित वेगळ्या विलंबाने पोहोचतो आणि दोन कंपन्यांचे रिसीव्हर एकत्र वापरताना तो फरक हिशेबात धरावा लागतो. 2011 मध्ये रशियातील प्लेसेत्स्क प्रक्षेपण केंद्रावरून सोडलेल्या पहिल्या ग्लोनास-के उपग्रहापासून 1202.025 मेगाहर्ट्झवर सर्वांना सामाईक वारंवारतेचा, संकेताधारित संदेशही सुरू झाला.

उत्तर – कक्षागणित
एक पुरवणी: ग्लोनासच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल 64.8 अंश आहे, तर जीपीएसचा 55. मुर्मान्स्कसारख्या 69 अंश उत्तरेच्या शहरातून ग्लोनासचे उपग्रह त्यामुळे अधिक उंच चढलेले दिसतात.