मदत हवी आहे : भांड्याच्या बुडावर कुंभारीण कशी उमटवू?

नमस्कार. मी सहकारनगरला घरीच मातीची भांडी करते. भांड्याच्या बुडाशी दाबायला स्वतःचं चिन्ह हवं आहे. प्राणी ठरलाय : कुंभारीण माशी. खिडकीच्या चौकटीला मातीचं घर करते ती.

हीच का, ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी मनगट दुखावलं आणि चाक सुटलं. तेव्हापासून मी सगळं हातानंच, गोळीला गोळी आणि वळीला वळी जोडून करते. "चाकावर नाही करत?" असं कोणी विचारलं की अजून लागतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक कुंभारीण माझ्या उरलेल्या मातीच्या बादलीवर यायला लागली. केशवनगरहून आणलेली लाल माती. जबड्यात एवढीशी गोळी धरून जायची, परत यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकटीवर बोराएवढं मडकं तयार! गळा अरुंद, काठ बाहेर वळवलेला, मी लोट्याला देते अगदी तसा. आत ती आधी अंडं धाग्यानं टांगते, मग डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपते, हे नंतर वाचलं. मडकं अजून तिथेच आहे. कुंभारणीचं घर मोडू नये असं आजी सांगायची, म्हणून खिडकीला रंग देताना तेवढी जागा सोडली.

एका डिझायनरकडून चिन्ह करून घेतलं. आली ती गुबगुबीत, पट्ट्यापट्ट्यांची, पंख पसरलेली माशी. डिसेंबरच्या प्रदर्शनात चार जणांनी मध आहे का विचारलं. शिवाय 15 मिमीच्या रबरी शिक्क्यात पट्टे बुजले आणि शिक्का ओल्या मातीला चिकटून काठ फाटले.

आता मनात आहे ते असं : माझ्या आडनावात 'ळ' आहे. दोन गाठी आणि मध्ये बारीक कंबर, मला त्यात कुंभारीणच दिसते. हे इतरांना दिसेल का? की माशी सोडून तिचं मडकंच काढू? आणि शिक्का कशाचा करावा?

प्रतिसाद १
ताई, मडकं काढू नका. भांड्यावर भांडं काढून काय सांगणार? 'ळ'च धरा. मी पाट्या रंगवतो, त्या अनुभवावरून सांगतो, कुंभारणीची ओळख पट्ट्यात नाही, कंबरेत आहे. मधमाशीची कंबर बाहेरून फारशी दिसत नाही. बाजूनं काढा : डावी गाठ लहान, ती छाती; उजवी मोठी आणि जरा खाली ओघळलेली, ते पोट. पंख पसरू नका. ही माशी बसली की पंख लांबीत दुमडते, त्यामुळे पाठीवर एक तिरका फटकारा पुरतो. बोरूनं पन्नासेक वेळा लिहून बघा, हात आपोआप आकार शोधतो. मग दीड सेंटिमीटरचा करून हातभर अंतरावरून घरच्यांना दाखवा, काय आहे ते न सांगता.

जाता जाता, संतवाङ्मयातला भ्रमर-कीटक न्याय हिच्यावरूनच आला असं म्हणतात. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, म्हणून ध्यासानं अळीचीच माशी झाली असं लोकांना वाटे.

प्रतिसाद २
शिक्का तुमच्याच मातीचा करा आणि कच्चा भाजून घ्या. सच्छिद्र राहतो, पाणी शोषतो, चिकटत नाही. भांडं लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट सुकून चामड्यासारखं घट्ट झाल्यावरच दाबा. अक्षर उलटं कोरायला विसरू नका, उलटा 'ळ' पटकन लक्षात येत नाही. माती 12 टक्के आकसत असेल तर 15 मिमीचा छाप भाजल्यावर 13 च्या आसपास येईल. मूळ आकृती तेवढी मोठी धरा. शिक्काही आकसतो, तोही हिशोब आहेच.

कंबरेची रेघ शिक्क्यात खोल कोरा, म्हणजे भांड्यावर ती उंचवटा होऊन येईल. खोलगट छापात ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) साचून बारीक रेघ गायब होते. नाहीतर बुडाला ग्लेझच लावू नका, छापावर लोह ऑक्साइड चोळून ओल्या स्पंजनं पुसा.

मूळ लेखिका
दोघांचेही मनापासून आभार. बोरूनं दोन संध्याकाळी लिहीत बसले. आईला कागद दाखवला तर ती आधी 'ळ' म्हणाली आणि मग थांबून, "ही आपल्या खिडकीतली का?" मला एवढंच हवं होतं.

शिक्का कोरून भाजला, सहा वाट्यांवर दाबला. चारांवर स्वच्छ आला, दोनांवर कंबर तुटली; त्या दोन वाट्या जास्त सुकल्या होत्या बहुतेक. पंखाचा फटकारा काढून टाकला, त्याच्याविना ती जास्त शांत दिसते. अजून एक विचारायचंय : लाल मातीवर लोह ऑक्साइड उठून दिसेल का, की पांढरी स्लिप (पातळ कालवलेली माती) चोळू? शनिवारी भट्टी लावतेय, त्याआधी सांगितलंत तर तीन वाट्यांवर एक आणि तीनांवर दुसरं करून बघेन.