धरून आणलेले खेकडे दुसऱ्या दिवशीच्या रश्श्यापर्यंत जिवंत कसे ठेवायचे?

खानापूर_पाऊस
मंडळी, मृगाचा पाऊस पडला की ओढ्याला आणि भाताच्या बांधाला रात्री बॅटरी घेऊन खेकडे धरायला कोण जात नाही! धरायचं सगळ्यांना येतं, अडतंय ते ठेवण्यावर. शनिवारी रात्री दोन-अडीच डझन मिळतात आणि पाहुणे जेवायला रविवारी दुपारी. बादली गळ्यापर्यंत भरून वर झाकण ठेवलं तर सकाळी निम्मे उताणे. मध्ये एकदा पाणी बदललं तरी मरूलेत. उरलेल्यांत कुणाचा नांगा गेलेला, कुणाचे पाय. पाणी नळाचं आहे. फ्रिजमध्ये ठेवावेत काय? आणि सकाळी मेलेला सापडला तर तो लगेच शिजवून चालतो का?

जांबोटीकडचा
भरलेली बादलीच त्यांना मारते. आपल्या डोंगरातले खेकडे हवेतलाही प्राणवायू घेतात. पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंना कल्ल्यांची पोकळी असते, ती ओली राहिली की पावसाळी हवेत पाण्याबाहेर दोन-तीन दिवस आरामात निघतात. ओढ्याचं पाणी खळाळतं, त्यात हवा मिसळत राहते. बादलीतलं पाणी मात्र निवांत, त्यातला प्राणवायू दोन डझन जनावरं बघता बघता संपवतात. वर यायला आधार नाही, कडा गुळगुळीत, त्यात झाकण घट्ट. बुडून मरतात, दुसरं काही नाही. आणि एक मेला की त्याच्या घाणीनं पाणी नासतं, मग एकामागून एक जातात.

असं करा. आल्या आल्या सगळे एका पाटीत ओतून वरून दोन-तीन तांबे पाणी मारा, चिखल जाऊ दे. मेलेले, पाय तुटलेले आणि कवच मऊ लागणारे वेगळे काढा. मऊ कवचाचा म्हणजे नुकतीच कात टाकलेला, त्याला बाकीचे रात्रीतून फाडून खातात. त्याच्यात मांसही पाणचट असतं, ओढ्यावरच सोडलेला बरा. पोटाखालचं झाकण रुंद गोल असेल ती मादी, निमुळतं त्रिकोणी असेल तो नर. मादीच्या झाकणाखाली अंडी किंवा बारीक पिल्लं दिसली तर तिथंच सोडून द्यायची. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच तयार होतात, ती खाल्ली तर पुढच्या वर्षी बॅटरी घेऊन नुसतंच हिंडायचं.

मग पसरट टब घ्या, किमान फूटभर उंच. तळाला एक इंच पाणी, फार तर दीड. खूण सांगायची तर खेकडा पाय टेकून उभा राहिला की त्याचं तोंड पाण्याच्या वर आलं पाहिजे. आत मंगळुरी कौलांचे तुकडे आडवे-तिडवे टाका. त्यानं दोन कामं होतात: खेकडा पाण्याबाहेर चढून बसतो आणि एकमेकांच्या नजरेआड राहिल्यानं मारामारी कमी होते. मोठे नर वेगळ्या भांड्यात. वर ओलं गोणपाट, त्यावर बुट्टी पालथी घालून दगड. हवाबंद झाकण कधीच नको, पण नुसतं उघडंही नको. एकाच्या पाठीवर दुसरा चढतो आणि सकाळी खेकडे मोरीच्या नळीत शोधत बसावं लागतं.

दोन डझनांना असे दोन टब. रात्री झोपताना आणि पहाटे पाणी पूर्ण ओतून नवं घाला. खायला काही टाकू नका. भात, पीठ टाकणारे लोक आहेत, पण त्यानं पाणीच आंबतं. उपाशी ठेवल्यानं आतड्यातली माती बाहेर पडते आणि रश्श्याला चिखलाचा वास येत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कल्ल्यांना ते झोंबतं. विहिरीचं किंवा पावळणीचं धरलेलं पाणी उत्तम. नळाचंच असेल तर दुपारीच उघड्या पातेल्यात काढून ठेवा, रात्री वापरा. तांब्याच्या घागरीत किंवा पितळी घंगाळात ठेवू नका. तांबं या जातीच्या जनावरांना विषासारखं. फिनेलची किंवा कपडे धुवायची बादलीही नको.

निपाणी_नाका
वरचं सगळं बरोबर. आमच्याकडे तर टबसुद्धा वापरत नाहीत, नुसतं पोतं. तागाचं पोतं भिजवून पिळायचं, आत ओलं गवत, त्यात खेकडे, तोंड सुतळीनं बांधायचं आणि मोरीत किंवा पडवीत सावलीला आडवं ठेवायचं. थर दोनच्या वर जाऊ देऊ नका, खालचे चिरडतात. दर तीन-चार तासांनी वरून पाण्याचा हबका. पोतं ओलं हवं, ठिबकणारं नको. युरियाचं प्लास्टिकचं पोतं तेवढं घेऊ नका. त्यातून हवा खेळत नाही आणि खताचा अंश राहतो तो वेगळाच.

खेकड्याच्या तोंडाला फेस आला की समजायचं, कल्ल्यांतलं पाणी आटत आलंय. तेच ते पाणी तो फिरवत राहतो, त्यात हवा मिसळून फेस होतो. लगेच पाणी मारा, थोड्या वेळात ठीक होतो.

आणखी एक. उसाच्या पाटातले किंवा भातातले खेकडे धरत असाल तर त्या शेतात फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. किड्यांवरचं औषध खेकड्यालाही लागू पडतं. अशा शेतातला खेकडा सुस्त असतो, पाय थरथरतात, आणि तो कितीही नीट ठेवा, सकाळ बघत नाही. ओढ्यात औषध किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे महाभाग असतात, त्यांच्या खालच्या अंगाला तर काहीच धरू नये.

टिळकवाडी_किचन
फ्रिजबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जून-जुलैत गरज नाही हे खरं, बाहेरची हवाच थंड असते. पण मार्च-एप्रिलमध्ये धरणाच्या काठचे खेकडे मिळतात तेव्हा स्वयंपाकघरात ते टिकत नाहीत. अशा वेळी भाजीचा खालचा कप्पा वापरावा. रुंद डब्यात ओला पंचा, त्यावर खेकडे पोट खाली करून एका थरात, वर दुसरा ओला पंचा, झाकण उघडं. थंडीनं ते सुस्तावतात, भांडत नाहीत, प्राणवायूही कमी लागतो. पाच-सहा तास छान निघतात.

जांबोटीकडचा
@टिळकवाडी_किचन पाच-सहा तास मान्य. रात्रभर मात्र नको. आपले खेकडे उष्ण मुलखातले, तीन-चार अंशांवर सबंध रात्र काढली तर बरेचसे उठतच नाहीत. शिवाय फ्रिजची हवा कोरडी, पंचा कडेनं वाळतो आणि कडेचे आधी मरतात. त्यात सुस्तावलेला आणि मेलेला दिसायला सारखेच, सकाळी ओळखायची पंचाईत होते.

चोर्ला_रोड
समुद्राचं आणि खाडीचं गणित वेगळं आहे, म्हणून लिहितो. गोव्याहून चोर्ला घाटातून किंवा वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे खेकडे आणणारे इथं पुष्कळ आहेत.

जिवंत आणण्याजोगा म्हणजे खाडीतल्या चिखलातला मोठा, हिरवट काळा, जाड नांग्यांचा. तो नांगे बांधलेलाच विकतात आणि तो दोर शिजवेपर्यंत सोडायचा नाही. थंड, ओलसर जागी तीन-चार दिवससुद्धा काढतो. पाठीवर ठिपके असलेले, चपट्या मागच्या पायांनी पोहणारे समुद्री खेकडे मात्र पाण्याबाहेर काही तासांचेच सोबती. बाजारात ते बहुधा बर्फावर मेलेलेच असतात. ते जिवंत आणायचा हट्ट नको, बर्फात घालून त्याच दिवशी शिजवा. यांत्रिक बोटी जून-जुलैत बंद असतात, तेव्हा खाडीचाच माल खात्रीचा.

आणताना थर्माकोलचा डबा, झाकणाला आणि बाजूंना बोटभर रुंदीची चार-सहा भोकं. तळाला गोठवलेली पाण्याची एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर ओलं गोणपाट, मग खेकडे. सुटा बर्फ अंगाला लागू द्यायचा नाही. एक तर थंडीचा फटका बसतो आणि वितळलेलं पाणी गोडं असतं. समुद्री खेकडा गोड्या पाण्यात ठेवला की त्याच्या अंगात पाणी शिरतं, क्षार बाहेर जातात आणि तो ढिला पडतो. गोणपाट भिजवायचंच तर खारं पाणी करा: एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम जाडं मीठ. गाडीच्या डिकीत ठेवू नका, घाट चढून वर येईपर्यंत ती तापते. पायाशी, सावलीत ठेवा. आणि घरी आल्यावर नळाखाली बादलीत बुडवून ‘ताजंतवानं’ करण्याचा मोह आवरा. चांगले आलेले खेकडे इथंच मरतात.

ओढ्याचा खेकडा बांधायचा असेल तर मागून, पाठीच्या कडेला अंगठा वर आणि बोटं खाली असा धरा, तिथं नांगा पोचत नाही. दोन्ही नांगे दुमडून तोंडाशी आणा, ओली सुतळी नांग्यांवरून घेऊन पोटाखालून मागं काढा आणि मागच्या पायांमध्ये गाठ मारा. लहानांना एवढा खटाटोप नको. चावू नयेत म्हणून नांग्याचं टोक मोडणारे लोक बघवत नाहीत. तिथून अंगातलं पाणी गळत राहतं आणि खेकडा रात्रीतच जातो.

झूलॉजीवाला
मेलेल्याचा प्रश्न राहिलाय. कधी मेला ते माहीत नसेल तर टाकून द्या. जीव गेल्या गेल्या त्याच्याच पचनग्रंथीतले रस मांस विरघळवायला लागतात आणि आतड्यातले जंतू झपाट्यानं वाढतात. मांस पिठूळ होतं, कवचापासून सुटतं, अमोनियासारखा उग्र वास येतो. हळद-तिखटानं वास झाकतो, बाकी काही जात नाही.

ओळखायचं असं: डोळ्याच्या देठाला काडी लावा, जिवंत असेल तर डोळा खाचेत ओढतो. तोंडाजवळच्या बारीक झडपा हलत असतात. उचलल्यावर पाय आवळून धरतो. पाय लोंबकळले आणि डोळा हलला नाही तर गेला. थंडीतून काढलेला असेल तर निकाल लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा बघा.

दुसरं, गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसात शिरणाऱ्या कृमीची अळी असू शकते. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खेकड्यातून ती माणसात येते आणि खोकल्यातून रक्त पडतं, क्षयरोगच वाटतो. ईशान्य भारतात, मणिपूरकडे, असे रुग्ण आढळले आहेत. म्हणून खोकल्यावर औषध म्हणून खेकड्याचा कच्चा रस कुणी द्यायला सांगितला तर ऐकू नका. आपण रश्श्यासाठी पाय पाट्यावर किंवा मिक्सरला वाटून रस गाळतो ना, तो कच्चाच असतो. त्या गाळणीत, त्या हातानं कोशिंबीर करायची नाही. पाटा, विळी, भांडं सगळं साबणानं धुवून वर कढत पाणी ओता. गाळलेला रस मंद आचेवर ढवळत ठेवला की वर दह्यासारखे गोळे जमतात. तिथं थांबू नका, पुढं चांगली उकळी फुटू द्या आणि खेकड्याच्या फोडी त्यात टाकून 15-20 मिनिटं खळखळ शिजवा.

खानापूर_पाऊस
सगळ्यांचे आभार. टब, कौलं, गोणपाट सगळं घरात आहे, विहीरही आहे. एकच राहिलं: जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात सोडला की पाय आपोआप गळतात आणि आतलं मांस पाण्यात जातं. आमची आई म्हणते आधी नांगे मोडायचे. पण ते बघवत नाही.

टिळकवाडी_किचन
जिवावर बेतलं की पाय सोडून पळायची खेकड्याची सवयच आहे, सांध्यातून तो स्वतःच पाय तोडतो. म्हणून आधी बधिर करा. शिजवायच्या आधी ओढ्याचे खेकडे फ्रीजरमध्ये 20-25 मिनिटं. खाडीचा अर्ध्या-पाऊण किलोचा असेल तर बर्फ आणि मीठ घातलेल्या गार पाण्यात 40 मिनिटं तरी. हालचाल पूर्ण थांबली की उताणा करा, पोटावरचं झाकण उचला, त्याखाली मध्यभागी सुरीचं टोक किंवा जाड दाभण खोल दाबा. समोर, डोळ्यांच्या मधोमध खाली दुसऱ्यांदा. त्याचे मज्जातंतूंचे गड्डे या दोन ठिकाणी असतात, झटक्यात संपतो आणि पाय जागच्या जागी राहतात.

मग पाठ उचकटा, दोन्ही बाजूंची करडी पिसं, म्हणजे कल्ले, आणि डोळ्यांमागची वाळूची पिशवी काढून टाका. पिवळट गर ठेवायचा, रश्श्याला चव त्याचीच. पण तो फक्त जिवंत असलेल्याचा. नांगे आता मोडा, आईंनाही चालेल. मोडल्यावर वरवंट्यानं एकदाच हलकं ठेचा. जास्त ठेचलं तर कवचाच्या कपऱ्या दाताखाली येतात.