थर्मलाइझ झालं म्हणजे सगळं संपलं?
"क्वांटम सिस्टिम थर्मलाइझ झाली (म्हणजे तिचा प्रत्येक भाग उष्णतेच्या समतोलात गेल्यासारखा दिसू लागला) की उपयोगाचं काही उरत नाही" असं म्हणतात, ते मला पटत नाही. नाशिकच्या आमच्या अभ्यासगटातही यावर जोरदार वाद झालाय.

दोन क्युबिटांची (क्वांटम संगणकातल्या बिटांची) बेल जोडी घ्या, म्हणजे एकमेकांशी पूर्णपणे गुंतलेले दोन क्युबिट. एकेक क्युबिट सुटा पाहिला तर पूर्ण गोंधळलेला, अनंत तापमानाचा. त्यातून मिळणारं काम, म्हणजे वापरता येणारी ऊर्जा, शून्य. पण दोघांवर एकत्र युनिटरी क्रिया (उलटवता येणारी क्वांटम क्रिया) केली की जोडी सर्वांत कमी ऊर्जेच्या पातळीला येते आणि तिची सगळी ऊर्जा हाती लागते! असं जास्तीत जास्त किती काम निघेल, त्याचं माप म्हणजे एर्गोट्रॉपी (ही संज्ञा २००४ मधली).

क्वांटम संगणनाला मात्र 'मॅजिक' हवं, म्हणजे साध्या संगणकाला सहज नक्कल करता येणार नाही असा अवस्थेचा गुण. बेल जोडी नुसत्या क्लिफर्ड गेट्सनी (साधा संगणक ज्यांची सहज नक्कल करतो अशा क्रियांनी) बनते, म्हणून तिचं मॅजिक शून्य. एंटँगलमेंट (क्युबिटांची आपसातली गुंतागुंत) भरपूर असूनही! त्यामुळे नुसती एंट्रॉपी (गोंधळाचं माप) मोजून निकाल देऊ नका.