चाळीस डॉलरला कोअरवीव्ह घ्यावा का?

रविवार, ३० मार्च २०२५

(सोसायटीच्या गटावरची चर्चा; बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी सदनिकांचे क्रमांक दिले आहेत.)

बी-२०३ : सर्वांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. सेक्रेटरी साहेबांची परवानगी घेऊन एक विषय मांडतो. कोअरवीव्ह ही क्लाउड क्षेत्रातली, म्हणजे इंटरनेटवरून संगणकशक्ती भाड्याने देणारी अमेरिकन कंपनी परवा शुक्रवारी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात सूचीबद्ध झाली. शेअर ४० डॉलरला दिला गेला आणि पहिल्या दिवशी ४० डॉलरवरच बंद झाला. माझा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि कंपनीचे मुख्यालयही तिथेच, लिव्हिंग्स्टनला आहे. इतक्या वेगाने वाढणारी कंपनी आरंभीच्या भावात पुन्हा मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. आम्ही दोघे मिळून सहा लाख रुपये गुंतवण्याचा विचार करत आहोत. हा भाव वाजवी आहे का, याविषयी पाचशेचारच्या काकांचे आणि अकराशेदोनचे मत हवे आहे.

ए-११०२ : काका, माझे रोजचे काम क्लाउडवरचेच असल्यामुळे आधी धंदा काय आहे ते सांगतो. २०१७ साली ही मंडळी ग्राफिक्स चिपा वापरून ईथर हे आभासी चलन काढत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ईथर ज्यावर चालते त्या इथेरियम या जाळ्याने आपली पद्धत बदलल्यावर ते काम संपले, पण तोवर कंपनीने याच चिपा गणनेसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. आज कंपनीकडे ३२ डेटा सेंटरांत एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अडीच लाखांहून अधिक चिपा आहेत. महसूल २०२२ मध्ये सुमारे १ कोटी ५८ लाख डॉलर होता, २०२३ मध्ये २२ कोटी ९० लाख झाला आणि २०२४ मध्ये १९२ कोटींवर गेला. अशी वाढ मी दुसऱ्या कुठल्याही क्लाउड कंपनीत पाहिलेली नाही.

ही वाढ नुसत्या नशिबाची नाही. एनव्हिडियाच्या नव्या रॅकमध्ये, म्हणजे यंत्रे बसवण्याच्या कपाटात, ७२ चिपा एकत्र बसतात आणि एकट्या रॅकला सुमारे १२० किलोवॅट वीज लागते. आमच्याकडच्या नेहमीच्या रॅकला पाच ते दहा किलोवॅट पुरतात. एवढी उष्णता पंख्यांनी निघत नाही, पाणी थेट चिपेपर्यंत खेळवावे लागते आणि त्यासाठी जमिनीपासून विजेच्या जोडणीपर्यंत सगळी मांडणी नव्याने करावी लागते. या पिढीची यंत्रणा ग्राहकांना सर्वांत आधी खुली करणाऱ्यांत कोअरवीव्ह होती. मोठ्या क्लाउडवर चिपांसाठी रांगेत उभे राहणे काय असते ते मी अनुभवले आहे, त्यामुळे जो आधी यंत्रे देऊ शकतो त्याला ग्राहक जास्त पैसे का मोजतो ते मला पटते. शिवाय महसुलाचा बहुतांश भाग दोन ते पाच वर्षांच्या करारांतून येतो. त्यांत ग्राहकाने यंत्रे वापरली नाहीत तरी पैसे द्यावेच लागतात. गेल्या वर्षअखेर अशा करारांची शिल्लक रक्कम सुमारे १,५१० कोटी डॉलर होती आणि याच महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयबरोबर १,१९० कोटी डॉलरपर्यंतचा आणखी एक करार झाला आहे.

सी-५०४ : अकराशेदोन, तू धंद्याचे वर्णन फार चांगले केलेस आणि त्यातल्या एकाही मुद्द्याशी माझे भांडण नाही. मात्र विचारलेला प्रश्न कंपनी चांगली आहे का हा नसून ४० डॉलर हा भाव योग्य आहे का हा आहे, आणि हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की गुंतवणूकदाराचे नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे.

४० डॉलरने सर्व संभाव्य शेअर धरून कंपनीची किंमत सुमारे २,३०० कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन लाख कोटी रुपये होते. ही गेल्या वर्षीच्या महसुलाच्या बारा पट आहे. तुम्ही म्हणाल, क्लाउड कंपन्यांना बारा पट मिळतेच. परंतु ज्या सॉफ्टवेअर कंपन्यांना ती मिळते त्यांच्याकडे कर्ज फारसे नसते आणि नवा ग्राहक आला म्हणून त्यांना नवी यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. कोअरवीव्हवर वर्षअखेर सुमारे ८०० कोटी डॉलरचे कर्ज होते. ते मिळवले की रोकड वजा करण्यापूर्वी या धंद्याची किंमत ३,१०० कोटींच्या घरात जाते. २०२४ मध्ये कामकाजातून नफा झाला ३२ कोटी ४० लाख डॉलर, व्याज गेले ३६ कोटी १० लाख, आणि इतर तरतुदी धरून निव्वळ तोटा ८६ कोटींहून अधिक. म्हणजे धंद्याने वर्षभर जे कमावले ते सगळे सावकाराला देऊनही व्याज पुरते भागले नाही.

मी बँकेत असताना ऊसतोडणी यंत्रांच्या कर्जाची प्रकरणे हाताळली आहेत. यंत्र कर्जावर घेतलेले, करार एकाच कारखान्याशी आणि यंत्राची उपयुक्तता काही हंगामांची. अशा प्रकरणात आम्ही मालकाची हुशारी शेवटी पाहत असू. आधी पाहायचो ते कारखाना किती भक्कम आहे, करार किती हंगामांचा आहे आणि यंत्र निकामी होण्यापूर्वी मुद्दल फिटते का. कोअरवीव्हचे माहितीपत्रक मी त्याच क्रमाने वाचले. २०२४ च्या महसुलात एकट्या मायक्रोसॉफ्टचा वाटा ६२ टक्के होता आणि पहिल्या दोन ग्राहकांचा मिळून ७७ टक्के. मायक्रोसॉफ्टची पत निर्विवाद आहे, पण तीच मायक्रोसॉफ्ट या आर्थिक वर्षात स्वतःच्या डेटा सेंटरांवर ८,००० कोटी डॉलर खर्च करत आहे. स्वतःची जागा तयार झाल्यावर भाडेकरू करार त्याच दराने पुढे चालू ठेवील, असे कोणत्या आधारावर मानायचे?

ए-११०२ : म्हणूनच तर ओपनएआयचा करार महत्त्वाचा आहे, काका. त्यामुळे मायक्रोसॉफ्टवरचे अवलंबित्व कमी होईल. दुसरे असे की, कर्ज हे मनमानी उचललेले नाही. ग्राहकाशी करार झाला की त्या कराराच्या आणि चिपांच्या तारणावर कर्ज काढले जाते आणि त्याच पैशांतून यंत्रे घेतली जातात. गुंतवलेले पैसे सुमारे अडीच वर्षांत वसूल होतात असा कंपनीचा दावा आहे. तो खरा ठरला, तर बहुतेक करारांच्या मुदतीत कर्ज फिटते.

सी-५०४ : ओपनएआय स्वतः तोट्यात आहे आणि तिची देणी नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून भागतात. पैसे द्यावेच लागतील अशी अट देणाऱ्याच्या ऐपतीइतकीच भक्कम असते. एनव्हिडिया कोअरवीव्हला चिपा विकते, तिची भागधारक आहे, शिवाय तिची ग्राहकही आहे. आणि मूळ ४७ ते ५५ डॉलरचा पट्टा सोडून भाव ४० वर आणावा लागला तेव्हा एनव्हिडियानेच २५ कोटी डॉलरची मागणी नोंदवून इश्यूला आधार दिला, अशी बातमी होती. यात गैर काही नाही. पण विक्रेता, मालक आणि ग्राहक एकच असतील, तर मागणीचा खरा अंदाज बाहेरच्या माणसाला येणे कठीण होते.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कंपनी आपल्या यंत्रांचे आयुष्य सहा वर्षे धरून घसारा, म्हणजे यंत्रांच्या किमतीतली दरवर्षीची घट, काढते. गेल्या वर्षी तिने सुमारे ८७० कोटी डॉलरचा भांडवली खर्च केला. त्यातले ६०० कोटी चिपांवर आणि सर्व्हरवर गेले, असे केवळ हिशेबासाठी धरू. सहा वर्षांनी भागले तर पूर्ण वर्षाचा घसारा १०० कोटी येतो, चार वर्षांनी भागले तर १५० कोटी. फरक ५० कोटींचा आणि गेल्या वर्षीचा कामकाजातला संपूर्ण नफा ३२ कोटींचा. म्हणजे ही कंपनी कामकाजात नफ्यात आहे की तोट्यात, हे चिपेचे आयुष्य किती धरायचे या एका आकड्यावर ठरते. अॅमेझॉनने याच जानेवारीपासून आपल्या काही सर्व्हरचे आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणले आणि कारण दिले ते कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या बदलांच्या वेगाचे. आणि दोन आठवड्यांपूर्वी एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी स्वतःच व्यासपीठावरून सांगितले की, नवी ब्लॅकवेल चिप मोठ्या प्रमाणात येऊ लागली की जुन्या हॉपर चिपा फुकटसुद्धा कोणी घेणार नाही. कोअरवीव्हच्या ताफ्यात आज मुख्यतः हॉपर चिपाच आहेत.

ए-११०२ : घसाऱ्याचा हिशेब पटला आणि तो मी अशा रीतीने मांडून पाहिला नव्हता. तरीही ह्वांग यांचे वाक्य शब्दशः घेऊ नये, कारण ते नवी चिप विकायला उभे होते. २०२० साली आलेल्या ए-१०० चिपा आजही आमची टीम भाड्याने घेते. मॉडेल घडवण्यासाठी नवी चिप लागते, पण घडवलेले मॉडेल रोज चालवण्यासाठी जुनी चिप कमी दरात पुरते. प्रश्न ती चालेल का हा नाही, कोणत्या दराने चालेल हा आहे.

सी-५०४ : अगदी बरोबर, आणि तो दर आज कोणालाच माहीत नाही. म्हणूनच तो दर चढाच राहील असे धरून भाव देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाढ झाली की भाव आपोआप मिळतो, असे वाटणाऱ्यांनी स्नोफ्लेक या क्लाउड सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण पाहावे. सप्टेंबर २०२० मध्ये १२० डॉलरला दिलेला तो शेअर पहिल्याच दिवशी २५३ डॉलरवर बंद झाला. कंपनीने भागधारकांना वाढीच्या बाबतीत निराश केले नाही. जानेवारी २०२० अखेरच्या वर्षात तिचा महसूल सुमारे २६ कोटी डॉलर होता आणि जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात तो ३६३ कोटींच्या आसपास गेला, म्हणजे तेरा पटींहून अधिक. तरीही शेअर आज दीडशे डॉलरच्या आसपास आहे, आणि पहिल्या दिवशी बाजारातून घेणाऱ्याचे चाळीस टक्के भांडवल साडेचार वर्षांनंतरही परत आलेले नाही. तिच्यावर तर कोअरवीव्हसारखे यंत्रांच्या कर्जाचे ओझेही नव्हते.

डी-४०१ : मला मूल्यांकनातले बारकावे सांगता येणार नाहीत, पण सनदी लेखापाल म्हणून दोन गोष्टी नमूद करते. आर्थिक नोंदींवरील अंतर्गत नियंत्रणात गंभीर उणिवा असल्याचे कंपनीने माहितीपत्रकात स्वतःच मान्य केले आहे. काकांचा सगळा हिशेब ज्या आकड्यांवर उभा आहे त्यांच्याच बाबतीत हे लिहिलेले असल्यामुळे मी ते हलके मानणार नाही. शिवाय आरंभीच्या मालकांच्या शेअरांना प्रत्येकी दहा मते आहेत, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या मताला तिथे वजन नाही.

आणि बी-२०३, उद्या ३१ मार्च आहे म्हणून पैसे पाठवण्याची घाई करू नका. परदेशी गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर स्रोतावर कर गोळा करण्याची मर्यादा सध्या माणशी सात लाख आहे आणि परवापासून ती दहा लाख होणार आहे. तुमची रक्कम दोन्हींत बसते. चोवीस महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर तुमच्या नेहमीच्या दराने कर लागेल, नंतर साडेबारा टक्के. शेअर घेतलेत तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद मात्र न चुकता करा.

बी-२०३ : सर्वांचे मनापासून आभार. मुलाशी आत्ताच बोललो. त्याच्याजवळ महसुलाचे आकडे होते, व्याजाचे आणि घसाऱ्याचे नव्हते. तूर्त पैसे पाठवत नाही. परंतु काका, पूर्ण सोडून द्यावा असेही मन होत नाही. कोणत्या परिस्थितीत तुम्ही स्वतः हा शेअर घ्याल?

सी-५०४ : मी तीन आकडे पाहीन आणि त्यासाठी निदान चार तिमाही निकालांची वाट पाहीन. कामकाजातला नफा व्याजाच्या किमान दीडपट झाला पाहिजे. मायक्रोसॉफ्टचा वाटा निम्म्याच्या खाली आला पाहिजे, आणि तो कमी होताना जागा घेणारे ग्राहक स्वतःच्या कमाईतून पैसे देणारे असले पाहिजेत. तिसरा आकडा म्हणजे पहिल्या मोठ्या करारांची मुदत संपल्यावर त्याच जुन्या चिपा कोणत्या दराने पुन्हा भाड्याने गेल्या. तो दर जर पहिल्याच्या निम्म्याहून अधिक निघाला, तर सहा वर्षांचा घसारा खरा मानून मी ४० काय, ६० डॉलरही देईन.

ए-११०२ : काका, तोपर्यंत तो ६० डॉलरला मिळणार नाही, असे मला वाटते. माझ्या बचतीतला अगदी लहान भाग, जो पूर्ण बुडाला तरी घराच्या हप्त्याला धक्का लागणार नाही एवढाच, मी या आठवड्यात घालणार आहे. पहिल्या तिमाहीचे आकडे आले की व्याज आणि मायक्रोसॉफ्टचा वाटा इथेच टाकतो.