गच्चीवरचं ऑफ-ग्रिड सोलर: लिथियम की ट्युब्युलर? (आणि मुळात ऑफ-ग्रिड का?)

खाडीवारा (धागाकर्ता)
नवी मुंबईत नेरुळ, कोपरखैरणे, बेलापूर इथल्या रो हाऊसना स्वतःची गच्ची असते, त्यामुळे ऑफ-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला न जोडता बॅटरीवर चालणारं सोलर स्वतः जोडायची हौस तिथे भागवता येते. दुकानात गेलं की ट्युब्युलर (लेड ॲसिड, म्हणजे शिसं आणि ॲसिडची) बॅटरी गळ्यात पडते. माझं मत: आज नव्याने जोडत असाल तर लिथियम फेरो फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, आणि तीही २४ व्होल्टवर.

भार असा धरलाय: एकदारी फ्रिज १ युनिट, ३५ वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे बारा तास सव्वा युनिट, दिवे-राउटर-लॅपटॉप पाऊण. एकूण ३ युनिट. शिवाय अर्धा एचपीचा पंप, दिवसा दहा मिनिटं.

सामान: ५४० वॅटची ३ पॅनल, १०० व्होल्ट ६० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनलच्या विजेवर बॅटरी भरणारा कंट्रोलर), २८० एएचचे (अँपिअर-अवर, क्षमतेचं माप) ८ सेल, १५० अँपिअरचं बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट), ३ केव्हीएचा प्युअर साइन इन्व्हर्टर. ८ × ३.२ × २८० म्हणजे ७.१ युनिट, त्यातले ८० टक्के वापरले तरी ५.७ हातात. बोला.

डिस्टिल्ड वॉटर
बोलतो. सेल खरे कोण देणार? जुन्या गाडीतले सेल नवं वेष्टन चढवून 'ए ग्रेड' म्हणून खपवले जातात. क्यूआर कोड खरवडलेला असेल, टर्मिनलवर आधीच्या वेल्डिंगची खूण असेल, तर घेऊच नका. पण कोड चांगला दिसला म्हणून क्षमता कळत नाही. प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरून २.५ पर्यंत रिकामा करून मोजावा लागतो. आठ सेलची ही तपासणी किती जण करतील?

ट्युब्युलर कुठलाही वायरमन ओळखतो. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) बुडवला की तब्येत कळते. बिघडली तर दुकान कोपऱ्यावर, मेली तर शिशाचे पैसे परत. बीएमएस रात्री दोनला बंद पडलं तर कोणाला उठवणार?

खाडीवारा
शिशाचे पैसे मिळतात, मान्य. पण क्षमतेचं बघा. ट्युब्युलर निम्मीच वापरायची. १५० एएच १२ व्होल्टची एक म्हणजे १.८ युनिट, वापरायला ०.९. माझ्या ५.७ ची बरोबरी करायला सहा लागतात आणि तरी ५.४ च भरतात. एकेक पन्नास-साठ किलोची. सव्वातीनशे किलो कुठे ठेवणार? बेडरूममध्ये नाही, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतही नाही. लेड ॲसिडचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली ४५ सहज जातं. (एलएफपीलाही ती खोली मानवत नाही, हे इथेच सांगून टाकतो.)

खरा मुद्दा पावसाळ्याचा. लेड ॲसिड आठवड्यातून एकदा तरी काठोकाठ भरावी लागते. जुलैत ती दहा-दहा दिवस अर्धवट राहते, प्लेटवर सल्फेट कडक होतं, आणि गणपतीपर्यंत क्षमता घटलेली असते. एलएफपीला अर्धवट राहण्याचा काही त्रास नाही.

तांब्याची तार
बॅटरीवरून तुमचं चालू द्या, मी पॅनलकडे बघतो. दोन गोष्टी चुकल्यात.

एक, इन्व्हर्टरची स्वतःची भूक. ३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मरवाला रिकामा चालू असला तरी ३०-४० वॅट खातो. चोवीस तासांत पाऊण ते एक युनिट. भार ३ नाही, ४ धरा. जुलैत एका किलोवॅटमागे दिवसाला दोन-अडीच युनिटच्या वर धरू नये. १.६२ किलोवॅटचे होतात सव्वातीन-चार, तेही चार्जिंगचं नुकसान वजा करायच्या आधी. तीन पॅनल पुरत नाहीत.

दुसरी, जोडणी. ५४० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज ४९.५ च्या आसपास असतं. दोन सिरीजमध्ये लावली की ९९, 'शंभरात बसलं' म्हणून लोक खूश. पण हा आकडा २५ अंशांचा. तापमान उतरलं की व्होल्टेज चढतं, अंशाला साधारण ०.२७ टक्के. जानेवारीत पहाटे १५ अंशांना तेच १०१.७ होतं आणि एमपीपीटीचं इनपुट उडतं. दुकानदार म्हणतो 'सर्ज आला'. सर्ज कसला, गणित चुकलं. तीन सिरीजमध्ये १५० व्होल्टच्या कंट्रोलरवर लावलीत तरी तीच गत: १४८.५ चे १५२.

तीन पॅरलल लावली तर प्रत्येक स्ट्रिंगला (इथे प्रत्येक पॅनलला) फ्यूज हवा. एका पॅनलमध्ये शॉर्ट झाला तर उरलेली दोन मिळून २८ अँपिअर त्यात ढकलतात आणि पॅनलवर कमाल फ्यूज २५ लिहिलेला असतो. म्हणून चार पॅनल घ्या, दोन सिरीज दोन पॅरलल, कंट्रोलर १५० व्होल्टचा.

खाडीवारा
१०० व्होल्टचा कंट्रोलर मागे घेतो. चार पॅनलही मान्य. २.१६ किलोवॅटला ६० अँपिअरचा कंट्रोलर एप्रिलच्या दुपारी थोडी वीज सोडून देईल, पण एप्रिलमध्ये वीज कमी पडतेच कुठे!

नेटमीटर
तुम्ही सगळेच उलट्या दिशेने निघालात. वाशी-नेरुळला महावितरणची वीज आहे. पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते फक्त ग्रिडला जोडलेल्या सिस्टीमला, ऑफ-ग्रिडला शून्य. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागला की एप्रिलची जास्तीची वीज बिलात वळती होते. तुम्ही ती 'सोडून देईल' म्हणता. बॅटरी ही गरज नाही, हौस आहे.

डिस्टिल्ड वॉटर
वादळी पावसात लाईट गेली की तुमचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद होतो. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. डोक्यावर तीन किलोवॅट आणि घरात मेणबत्ती.

नेटमीटर
त्यासाठी हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा इन्व्हर्टर) घ्या आणि फक्त फ्रिज-पंख्यांपुरती लहान बॅटरी. सात युनिटची कशाला?

तांब्याची तार
हायब्रिड असो वा ऑफ-ग्रिड, बॅटरीच्या बाजूला लोक जी काटकसर करतात तिने आगी लागतात.

पंप सुरू होताना पाचपट खेचतो. चालताना ५५० वॅट म्हणजे सुरुवातीला पावणेतीन किलोवॅट, २४ व्होल्टवर १२० अँपिअर. म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर ५० स्क्वेअर एमएमची लवचिक तांब्याची केबल, दोन मीटरच्या आत, आणि पॉझिटिव्हवर बॅटरीला लागूनच १५० अँपिअरचा क्लास-टी फ्यूज. एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. साधा फ्यूज फुटूनही आतली ठिणगी विझत नाही. घरातला एसी एमसीबी डीसीवर लावू नका. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून ठिणगी तुटते, डीसी कधीच शून्यावर येत नाही. डीसी एमसीबीवर प्लस-मायनस लिहिलं असेल तर तेही पाळा. उलटा लावला तर तोच जळतो.

थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा, हातोडीने ठोकलेलं थिंबल भारावर तापतं. पॅनलची पिनं एकाच कंपनीची जोडा. दोन कंपन्यांची एकमेकांत बसतात, पण आत नीट टेकत नाहीत.

डिस्टिल्ड वॉटर
आणि जुनाच इन्व्हर्टर लिथियमवर लावणाऱ्यांनी ऐकावं. ट्युब्युलर मोडमध्ये तो २९.६ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे सेलला ३.७. बीएमएस मध्येच तोडतं आणि काही एमपीपीटी त्या झटक्यातच जातात. चार्जिंग २८, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) २७, कट-ऑफ (त्याखाली पुरवठा बंद) २४ सेट होत नसेल तर तो इन्व्हर्टर ट्युब्युलरलाच ठेवा. ती २९.६ मुकाट सोसते.

खाडीवारा
हे मात्र सोळा आणे. कट-ऑफ सेट न होणारा इन्व्हर्टर असेल तर मी पण ट्युब्युलरच म्हणेन. नवा घेत असाल तर नाही.

तांब्याची तार
खाडीकाठचे असाल तर एक राहिलं. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) घ्या आणि जागेवर भोकं पाडू नका. भोकाच्या कडेला जस्त उरत नाही, गंज तिथूनच सुरू होतो. नट-बोल्ट ३१६ स्टेनलेसचे. पॅनल २८ किलोचं आणि अडीच चौरस मीटरच्या वर, वाऱ्यात ते शिडासारखं उचलतं. नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यावर भरवसा नको, केमिकल अँकर (स्लॅबच्या भोकात रसायनाने घट्ट बसवलेला बोल्ट) मारा. आणि स्लॅबला भोक पाडण्याआधी वॉटरप्रूफिंग कोण परत करणार ते ठरवा.