ल्वार नदीकाठचे महाल: आई आणि मुलांसह 3 दिवस, गाडीविना

टिळकवाडीकर:
जूनमध्ये पॅरिसहून ल्वार खोऱ्यात जायचंय. सोबत आई (वय 70, गुडघेदुखी, शुद्ध शाकाहारी) आणि 8 व 12 वर्षांची मुलं. मुक्काम कुठं करावा? आणि महाल कोणता बघावा, शांबोर की शनोंसो?

खानापूर रोड:
मुक्काम तूर शहरात, स्टेशनजवळ. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून वेगवान गाडीनं साधारण सव्वा तास. बऱ्याच गाड्या तूरमध्ये न शिरता शेजारच्या सँ-पिएर-दे-कोर स्टेशनलाच थांबतात. घाबरू नका ओ, तिथून तूर लोकलनं 5 मिनिटं.

आईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर शनोंसोच. तूरहून अर्ध्या तासात स्टेशन, ते जवळजवळ फाटकालाच लागून. तिकीट काढताना गावाच्या नावाला शेवटी ‘एक्स’ असतो, महालाच्या नावाला नाही. दुपारी गाड्यांत मोठी खिंडारं पडतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून मगच आत शिरा. शेर नदीवर पुलासारखा बांधलेला 60 मीटरचा दिवाणखाना तळमजल्यावरच आहे, आईंना जिना चढावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त आणि मुक्त फ्रान्सची हद्द याच नदीवरून जायची. एक दार इकडं, दुसरं तिकडं. सीमाभागातल्या पोरांना हे वेगळं समजावावं लागणार नाही!

हिडकल:
मुलांसाठी शांबोर सोडू नका. 1519 ला काम सुरू झालं. मधल्या जिन्यात दोन सर्पिल वाटा एकमेकींत गुंफल्यात: एक पोर इकडून चढवा, दुसरं तिकडून, झरोक्यांतून दिसतात पण भेटत नाहीत. 18 खालच्यांना प्रवेश मोफत. शनोंसो खासगी मालकीचं, तिथं 7 वर्षांपासून तिकीट. अडचण एकच, शांबोरला रेल्वे नाही. ब्ल्वा गावच्या स्टेशनवरून हंगामी बस असते, फेऱ्या मोजक्याच. चुकली तर टॅक्सी, आणि ती महाग पडते.

गोकाक फॉल्स:
तिसरा दिवस आंब्वाझ. स्टेशन उत्तर काठावर आणि गाव दक्षिणेला, म्हणजे पूल ओलांडून वीसेक मिनिटं चाल. आईंसाठी टॅक्सी सांगा. लिओनार्दो दा विंची शेवटी राहिला तो वाडा, क्लो ल्यूसे, इथंच, बागेत त्याच्या यंत्रांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत, मुलं त्या हातानं फिरवतात.

नदीत मात्र कुणी उतरायचं नाही. वाळूची बेटं वर आलेली दिसतात, पाणी घोट्याएवढं वाटतं, पण वाळू पायाखालून सरकते आणि पुढच्या पावलाला खोल डोह.

जेवण: बहुतेक हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी 12 ते 2 एवढंच. फुए नावाची भट्टीत टम्म फुगणारी रोटी मागवा, पण आत रियेत नको म्हणून सांगा, ते डुकराचं मांस असतं. बकरीच्या चीजमध्येही बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं.

टिळकवाडीकर:
म्हणजे आईंनी ब्रेड-लोण्यावर राहायचं?

गोकाक फॉल्स:
छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ तिथं मिळतो, मसाला आणि चटणी तेवढी इथून न्या.